वरिष्ठांचा धाक आणि रुग्णांचे हित

वैद्यकीय शिक्षणात शिस्त अपरिहार्य आहे. परंतु शिस्त आणि अपमान या भिन्न गोष्टी होत. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयातील निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जातीय छळाच्या आरोपावरून तीन वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. २०१६ पासून गोंदियातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार आपणही करावयास हवा.

विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार संस्थाप्रमुखाने तक्रारीची सात दिवसांत चौकशी करावयाची असते. महिलांच्या लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. मात्र विभागप्रमुखाने सहायक प्राध्यापकाचा सर्वांदेखत केलेला पाणउतारा थांबविण्यास स्वतंत्र कायदा नाही. तेथे संस्थेचे नियमच उपयोगी पडतात: तक्रार विभागप्रमुखास वगळून थेट अधिष्ठात्यांकडे जावी, तिची लेखी पोच मिळावी, चौकशीत बाहेरची व्यक्ती असावी आणि निर्णयास मुदत असावी.

धाकाने गप्प बसलेला डॉक्टर औषधाच्या मात्रेतील चूक दिसूनही बोलत नाही. त्याची झळ रुग्णाला पोहोचते. म्हणून विश्वस्त व देणगीदारांनी यंत्रसामग्रीइतकीच या व्यवस्थेचीही चौकशी करीत राहावे, ही नम्र विनंती.