मक्याच्या पोंग्यातील अळी आणि कॅमेऱ्याची डायनॅमिक रेंज

अमेरिकन लष्करी अळीची (स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा) भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. तेव्हापासून ओळखीसाठी सर्वाधिक छायाचित्रे मक्याच्या पोंग्याची येतात आणि त्यांतील अनेक निरुपयोगी ठरतात. डोक्यावरील उलट्या ‘वाय’सारखी खूण इतर काही अळ्यांतही पुसट दिसते, म्हणून आठव्या उदरखंडावरील, चौकोनात मांडलेले चार गडद ठिपके पाहणे आवश्यक असते. भर दुपारच्या छायाचित्रात बाहेरची पाने पांढरीफटक होतात, पोंगा काळवंडतो आणि तपकिरी अळीवरील ठिपके त्या काळोखात विरून जातात. दुसरे छायाचित्र येईपर्यंत अळी वाढते, आणि मोठी अळी फवारणीस सहज दाद देत नाही.

एकाच दृश्यातील अतितेजस्वी व अतिगडद भागांचे तपशील एकत्र टिपण्याची कॅमेऱ्याची क्षमता म्हणजे डायनॅमिक रेंज. ती ‘स्टॉप’मध्ये मोजतात, प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. पाच स्टॉपचा फरक म्हणजे बत्तीस पट प्रकाश.

कॅमेऱ्यातील संबंधित सेटिंग ही क्षमता वाढविते, असा समज रूढ आहे. वस्तुतः संवेदक तोच राहतो. फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांत डीआर ४०० निवडल्यास दृश्य दोन स्टॉप कमी प्रकाशात टिपले जाते आणि नंतर गडद भाग गणिताने उजळले जातात. मूळ आयएसओ २०० असेल, तर त्यासाठी किमान ८०० लागतो. निकॉनचे ‘ॲक्टिव्ह डी-लायटिंग’ व सोनीचे ‘डीआरओ’ यांचे तपशील वेगळे असले, तरी सावल्या उजळणे हेच त्यांचेही मुख्य काम. उजळलेल्या सावलीत रवाळपणा वाढतो आणि लहान ठिपके नेमके त्यातच हरवतात.

त्यामुळे कोणता भाग गमावून चालणार नाही, हे आधी ठरवावे. पोंग्यातील अळीसाठी अळीवरच स्पॉट मीटरिंग करावे. बाहेरची पाने जळली तरी बिघडत नाही. पिठ्या ढेकणाच्या बाबतीत मात्र उलट. कपाशीवरील फेनाकॉकस सोलेनॉप्सिसच्या पाठीवरील काळसर डाग आणि पपईवरील पॅराकॉकस मार्जिनेटसचा मेणातून डोकावणारा पिवळा रंग, दोन्ही अतिप्रकाशात सारखेच पांढरे होतात. (अंतिम ओळख अर्थातच काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली.) येथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकच्या आसपास ठेवावे आणि हिस्टोग्रामचा आलेख उजव्या कडेला आदळत नाही ना, हे पाहावे. पूर्ण जळालेला पांढरा भाग नंतर कोणत्याही प्रणालीने परत मिळत नाही; सावलीतून थोडेफार तरी काढता येते. शक्य असल्यास रॉ स्वरूपात टिपावे: ८ बिट जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉ मध्ये १६,३८४.

मोबाइलचा एचडीआर अनेक चौकटी जोडून एक चित्र बनवितो. वाऱ्यात हलणाऱ्या पानावर त्यामुळे दुहेरी कडा उमटू शकतात. अशा वेळी तो बंद ठेवून अळीवर बोट टेकवून फोकस घ्यावा.

याहून सोपा उपाय छत्रीचा. झाडावर सावली धरली की पाने आणि पोंगा यांच्या प्रकाशातील तफावत झटकन कमी होते. समोरून पांढरा कागद धरल्यास आतील अळीही उजळते, आणि बहुतेक वेळा डीआर सेटिंगला हात लावावा लागत नाही.