यादी ठरण्याआधी बसा

वस्तीच्या सुधारणेसाठी निधी मंजूर झाला, की आधी फलक लागतो, मग भूमिपूजन होतं. रहिवाशांची सभा झालीच, तर या दोहोंच्या मधे कुठेतरी उरकली जाते. पूर्व नागपुरातल्या आमच्या ले-आउटने या क्रमाची पुरेपूर किंमत मोजली आहे. तुमच्याकडे उद्या नगरोत्थानचा, दलित वस्ती सुधारणेचा किंवा आमदार निधीचा पैसा येणार असेल, तर आमच्यावर जे गुदरलं ते आधी वाचा.

आमचा ले-आउट गुंठेवारीतला. शेताचे तुकडे पाडून विकलेले हजार-बाराशे फुटांचे प्लॉट. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित होण्याची वाट मिळाली, लोकांनी पोटाला चिमटा काढून डिमांड नोटिशीचे पैसे भरले, नियमितीकरणाचं पत्र (आरएल) मिळवलं. त्यामुळे सरकारी पैसा वस्तीत येतोय म्हटल्यावर आनंद खरा होता.

सभा समाजभवनात ठेवली होती. कामाचा वार, वेळ सकाळी अकराची. आली ती निवृत्त मंडळी आणि काही दुकानदार. पहाटे कळमना मार्केटला जाणारे हमाल, धुण्याभांड्याच्या कामावर गेलेल्या बायका आणि भाडेकरू यांच्यापैकी कुणीच नव्हतं. पडद्यावर तीन कामं दाखवली: सिमेंट रस्ता, बगीचा आणि प्रवेशद्वार. प्रश्न एकच होता, ‘यातलं आधी काय हवं?’ हात रस्त्यासाठी वर गेले आणि कागदावर नोंद झाली, ‘नागरिकांच्या सहमतीने’.

जुना डांबरी रस्ता न खरवडता त्यावरच काँक्रीटचा थर चढू लागला, तेव्हा शेवटच्या गल्लीतल्या एका काकूंनी काम थांबवायला सांगितलं. त्यांच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर खिळ्याने ओढलेल्या रेघा होत्या. दर मोठ्या पावसात पाणी कुठवर चढलं, त्याची ती खूण. ‘पाणी पहिले माझ्या दारी येते, मग तुमच्या,’ त्या म्हणाल्या. साइटवरच्या साहेबांचं उत्तर होतं, ‘ताई, लेव्हल टेंडरमध्ये आहे. आता बदलत नाही.’

त्यांच्या घरात पूर्वी दोन पायऱ्या चढून जावं लागायचं. रस्ता झाल्यावर एक पायरी उतरून जावं लागतं. पुढच्या पावसाळ्यात त्या गल्लीत गडरचे चेंबर उलटे वाहिले, फ्रिज विटांवर चढवावे लागले, गव्हाच्या कोठीत पाणी शिरलं. ज्या घरांना सर्वाधिक फटका बसला, त्यातलं एकही माणूस त्या सभेत नव्हतं.

हे दुखणं आमच्या एकट्याचं नाही. शहरभर सिमेंट रस्ते उंच झाले आणि घरं खाली गेली, ही तक्रार नागपुरात घरोघरी ऐकू येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच सुमारे शंभर मिलिमीटर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, माणसं दगावली. तो पाऊस विलक्षण होता. पण पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं, हे तिथे राहणाऱ्यांना ठाऊक असतं. ते ज्ञान अंदाजपत्रकात उतरत नाही, कारण ते विचारण्याची वेळच कामकाजात ठेवलेली नसते.

आमच्या सभेला आलेल्यांचं काही चुकलं नाही. चुकली ती सभेची रचना. तयार यादीतून निवडायला सांगणं हा कौल झाला, नियोजन नव्हे.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. ‘जेएनएनयूआरएम’ या केंद्राच्या योजनेत नागपूर होतं. त्या योजनेच्या अटीमुळे २००९ मध्ये राज्याने महानगरपालिकांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्राच्या पातळीवर मतदारांनी बसायचं, कामं सुचवायची, प्राधान्य ठरवायचं, अशी ती कल्पना. ती कागदावरच राहिली. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात भरायचे. त्याच्याही मर्यादा आहेत. पण तिथे सूचना अंदाजपत्रक बनण्यापूर्वी मागतात, हा फरक फार मोठा आहे.

आधी कळण्याचं महत्त्व मोठ्या योजनेतही दिसतं. नागपूरची सप्टेंबर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी निवड झाली. पारडी, भरतवाडा, पुनापूर, भांडेवाडी या भागातल्या सुमारे १७३० एकरांवर नगररचना योजना आखली गेली. अशा योजनेत प्रत्येकाच्या जमिनीचा काही भाग रस्ते-मैदानांसाठी जातो आणि उरलेला नव्या आकाराचा भूखंड म्हणून परत मिळतो. शहराच्या नजरेने पाहिलं तर सरळ रस्ते आणि मोकळ्या जागा मिळतात. ज्याच्याकडे एकच छोटा प्लॉट आणि त्यावर आयुष्याच्या कमाईचं घर आहे, त्याचा पहिला प्रश्न मात्र ‘माझं घर राहतं का?’ हाच असतो. त्या भागात रहिवाशांचा विरोध झाला तो या भीतीपोटी. १९६६ च्या नगररचना कायद्यात मसुद्यावर हरकत घ्यायला ३० दिवस असतात आणि पुढे लवादासमोर सुनावणीही असते. ही मुदत ज्याला आधी कळते, तोच आपलं म्हणणं नोंदवू शकतो.

आमच्या ले-आउटला पुढे नालीच्या कामासाठी पैसा मिळाला. तेव्हा आम्ही आधी बसलो. त्यातून जे हाती लागलं, ते असं.

पहिलं, सभा लोकांच्या वेळेने घ्या. आम्ही संध्याकाळी, नळाची वेळ टाळून, गल्लीतच बसलो. भाडेकरूंना मुद्दाम बोलावलं. घर मालकाचं असलं तरी पाणी भाडेकरूच्या खोलीतही शिरतं.

दुसरं, ‘काय हवं?’ असं विचारू नका, ‘काय अडतं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला बगीचा आणि प्रवेशद्वार ही उत्तरं मिळतात. दुसऱ्याला उत्तर मिळालं, ‘शाळेची व्हॅन आत येत नाही, मुलांना चिखलातून कडेवर न्यावं लागतं.’ हे ऐकल्यावर कामांचा क्रम आपोआप बदलला.

तिसरं, पावसात फिरा. भर पावसात सगळ्या गल्ल्या पायी हिंडून पाणी साचतं तिथे भिंतीवर रंगाने खूण करा, मोबाइलमध्ये फोटो घ्या. उन्हाळ्यात काढलेली लेव्हल आणि या खुणा शेजारी ठेवल्या, की कनिष्ठ अभियंत्याशी बोलणं सोपं होतं. आमच्याकडे नालीचा उतार याच खुणांवरून बदलून घेता आला.

चौथं, अंदाजपत्रकाची प्रत टेंडर निघण्याआधी मागा. झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहेच. अंदाजपत्रकात तीन गोष्टी पाहा: जुना थर खरवडण्याची बाब आहे का, रस्त्याची तयार उंची घरांच्या जोत्याखाली राहते का, आणि पावसाचं पाणी कुठे सोडलंय. ‘नालीत’ एवढं उत्तर पुरेसं नाही. ती नाली पुढे कुठे जाते, हेही विचारा.

पाचवं, प्रत्येक गल्लीचा एक माणूस नेमा आणि त्यात बायका निम्म्या असू द्या. दिवसभर घराशी असतं त्यालाच काम होताना दिसतं. सिमेंटवर पाणी मारलं जातं का, चेंबरची झाकणं रस्त्याला समतल बसली का, याची तारखेनिशी वही ठेवा. दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर असते, त्या दोष दायित्वाच्या काळात तीच वही कामी येते.

सहावं, जे मान्य झालं नाही, त्याचं कारण इतिवृत्तात लिहून घ्या. ज्याची सूचना नाकारली गेली, त्याला कारण कळलं तर तो पुढच्या सभेला येतो. नुसता दुर्लक्षिला गेला, तर पुन्हा फिरकत नाही.

हे सगळं करूनही आमच्या वस्तीतला पहिला रस्ता खाली गेलेला नाही. तो फोडून पुन्हा करायला दुसरा निधी लागेल, आणि दरम्यान दर पावसाळ्यात शेवटची गल्ली रात्र जागून काढेल. उशिरा विचारलं की खर्च दोनदा होतो. एकदा सरकारच्या तिजोरीतून, एकदा गरिबाच्या घरातून. म्हणून फलक लागायची वाट पाहू नका. निधीची नुसती कुणकुण लागली, तरी त्याच आठवड्यात गल्लीत बसा, अडचणींची यादी करा आणि ती सह्यांनिशी झोन कार्यालयात देऊन पोच घ्या.