मृगाच्या आधी गाडीचं पोट झाकून घे

मुरबाड, १५ मे

चि. बाळास,


व्हॅन घेतलीस हे तुझ्या आईकडून कळलं, फार बरं वाटलं. पण खालून कोटिंग करून घे म्हटलं, तर तू म्हणालास, "मामा, आपल्या सापगावात कुठे समुद्र आहे?" अरे, चिखल तर आहे ना! गंजाला पाणी आणि हवा पुरते, मीठ फक्त त्याची घाई करतं. आपल्या जिल्ह्यात चार महिन्यांत २,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भातलावणीच्या दिवसांत भातसेच्या पुलापासून वाडीपर्यंतचा रस्ता आठव. चाकाने उडवलेली माती मडगार्डच्या आत, पत्र्याच्या दुमडीत जाऊन बसते. वरून गाडी धुतलीस, उन्हात लावलीस, तरी ती आतून ओलीच राहते. ओलं गोणपाट पत्र्याला बांधून ठेवावं, तसं ते आहे. त्यात खालून खडी ताडताड बसते, रंगाचा टवका उडतो आणि गंज तिथेच धरतो.

माझी जुनी व्हॅन वरून आरशासारखी होती. एका दिवाळीत साफसफाई करताना पुढच्या सीटखालची मॅट उचलली, तर पत्रा पापुद्रे सुटून फुगलेला. अंगठ्याने दाबला, तर अंगठा आरपार गेला. भोकातून अंगणातली माती दिसली. त्याच सीटवर तुझी मामी पोराला मांडीवर घेऊन बसायची. पत्रा कापून नवा वेल्डिंग करून घेतला, पण दोन पावसाळ्यांत वेल्डिंगच्या कडेने पुन्हा गंज आला.

म्हणून सांगतो, गंजावर लेप चढवू नकोस. ओल आत कोंडली की वरून काळंभोर दिसतं आणि आत पोखरत राहतं. रॅम्पवर चढवून खालून प्रेशरने धुऊन घे, दोन दिवस कडक उन्हात वाळू दे, तारेच्या ब्रशने गंज खरवडून प्राइमर मार, मगच रबरी कोटिंग. सायलेन्सर, ब्रेक, शाफ्ट कागदाने झाकायला लाव. दारांच्या तळाची, पाणी निचरायची भोकं बुजता कामा नयेत. कोणी जळकं ऑइल फवारून देतो म्हणेल, स्वस्तही पडेल. ऐकू नकोस, त्याने रबरी बुश फुगून खराब होतात.

तू त्या गाडीतून शाळेची पोरं नेणार आहेस. मृग ७-८ जूनला लागेल. या रविवारी गाडी घेऊन इकडे ये, गॅरेजवर मी स्वतः बरोबर येतो.

तुझा,
मामा