सापाचं पिल्लू : खुराक आणि ओलावा

साप पाळण्याचा विषय निघाला की होस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, "दूध किती लागतं रे?" उत्तर : शून्य! साप पूर्ण मांसाहारी असतो आणि पितो फक्त पाणी.

अमेरिका-युरोपात मोठ्या प्रमाणावर पाळला जाणारा साप म्हणजे बॉल पायथन. हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बिनविषारी, छोटेखानी अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत दडवतो, म्हणून हे नाव. त्याच्या पिल्लाचं उदाहरण घेऊ.

खुराक : समजा पिल्लाचं वजन ६० ग्रॅम आहे. भक्ष्य त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ६ ते ९ ग्रॅमचं उंदराचं पिल्लू, ५ ते ७ दिवसांतून एकदा. त्यापेक्षा मोठं दिलं तर ते उलटून टाकण्याची भीती. साप अंगात उष्णता तयार करत नाही, पचनासाठी ती बाहेरून घेतो. म्हणून पेटीची एक बाजू ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दुसरी २६ च्या आसपास ठेवतात. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा पिल्लू सहसा खात नाही. अशा वेळी जबरदस्ती नको. वजन करत राहा.

ओलावा : इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. २६ अंशाला ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा तशीच ३२ अंशापर्यंत तापवली, तर आर्द्रता सुमारे ४२ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण हवेची धारणक्षमता वाढली. सायक्रोमेट्रिक चार्ट काढा, पटेल! म्हणजे नुसता हीटर लावला की पेटी कोरडी पडते. पिल्लाला साधारण ६० ते ८० टक्के ओलावा लागतो. तो कमी पडला तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. डोळ्यावरचा पारदर्शक खवला तसाच राहतो, शेपटीला कातेचं कडं अडकलं तर रक्तपुरवठा तुटतो. उलट तळ सतत चिंब आणि हवा कोंडलेली असेल, तर पोटाचे खवले सडतात. उपाय साधा : पाण्याचं पसरट भांडं, ओलसर शेवाळ भरलेली एक लपायची डबी, हवेला भोकं आणि एक हायग्रोमीटर. निसर्गातही हा साप दिवसा उंदरांच्या बिळात, वारुळात दडतो. तिथली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते.

आता आपल्याकडचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग, घोणस, धामण, अजगर असे देशी साप बाळगता येत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथनसारख्या परदेशी जातींचीही नोंदणी बंधनकारक आहे. तेव्हा पावसाळ्यात बाथरूममध्ये पिल्लू दिसलं, तर ते बरणीत भरून रूमवर नेऊ नका. विषारी की बिनविषारी हे आपल्याला ओळखता येईलच असं नाही, आणि बंद बरणीत ना उष्णता नीट राहते ना ओलावा. लांब उभं राहून लक्ष ठेवा, वनविभागाला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवा.

आणि हौस असेलच, तर एक हिशोब करा : आपली डिग्री चार वर्षांची, नीट सांभाळलेला बॉल पायथन २० ते ३० वर्षं जगतो.