मुडदूस आणि फॉस्फेटचे नियमन

मुडदूस झालेल्या मुलास ऊन व ‘ड’ जीवनसत्त्व द्यावे, हे सर्वश्रुत आहे. तथापि काही मुलांचे वाकलेले पाय एवढ्याने सुधारत नाहीत. याचे कारण फॉस्फेटच्या नियमनात सापडते.

शरीरातील सुमारे ८५ टक्के फॉस्फेट हाडांत व दातांत असते. त्याचा समतोल तीन संप्रेरके राखतात. उन्हामुळे त्वचेत तयार होणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वावर प्रथम यकृतात व नंतर मूत्रपिंडांत प्रक्रिया होते. अशा रीतीने बनलेले क्रियाशील संप्रेरक आतड्यांतून कॅल्शियम व फॉस्फेट यांचे शोषण वाढविते. रक्तातील कॅल्शियम घटल्यास मानेतील परावटू ग्रंथींचे संप्रेरक या प्रक्रियेस चालना देते. मात्र फॉस्फेट ते लघवीवाटे बाहेर घालविते.

तिसरे संप्रेरक एफजीएफ-२३. सन २००० मध्ये ज्ञात झालेले हे संप्रेरक हाडांतील पेशीच निर्माण करतात. तेही फॉस्फेट लघवीवाटे बाहेर काढते, शिवाय क्रियाशील ‘ड’ जीवनसत्त्व घटविते. काही आनुवंशिक विकारांत ते प्रमाणाबाहेर वाढते. मग आहार पुरेसा असूनही फॉस्फेट वाहून जाते व हाडे मऊ राहतात.

अशा वेळी मातेच्या संगोपनास दोष देणे अन्यायाचे होय. ‘ड’ जीवनसत्त्वाची मात्रा मनाने वाढविणेही धोक्याचे असते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पालकांस डॉक्टरांकडे पाठवून रक्तातील व लघवीतील फॉस्फेट तपासून घेण्यास सांगावे. या विकारावर उपचार आहेत आणि ते वाढत्या वयातच अधिक गुणकारी ठरतात.