सापाची कात आणि हवेतील ओलावा

गेल्या जानेवारीत एका सकाळी माझ्या भाच्याचा फोन आला. हा मुलगा गिरगावातील चाळीत लहानाचा मोठा झाला. आता नोकरीनिमित्त अमेरिकेत शिकागोजवळ राहतो. तेथे त्याने एक साप पाळला आहे. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, हे अजून नीटसे पटलेले नाही, पण तो विषय वेगळा. सापाने कात टाकायला सुरुवात केली होती आणि काम अर्ध्यावर अडले होते. कात तुकड्या-तुकड्यांनी निघत होती, शेपटीकडे चिकटून बसली होती, आणि डाव्या डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहिला होता. ‘‘मामा, चिमट्याने ओढून काढू का?’’ असे तो घाईघाईने विचारत होता.

मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. सापांविषयी माझे ज्ञान बेताचेच. पण ‘‘चिमटा आधी खाली ठेव,’’ एवढे मात्र मी लगेच सांगितले. त्यामागचे कारण शोधताना जे वाचनात आले, त्यात प्राणिशास्त्राइतकेच पदार्थविज्ञानही निघाले. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

हा साप ‘कॉर्न स्नेक’, म्हणजे मक्याचा साप. फ्लॉरिडा, जॉर्जिया या अमेरिकेच्या आग्नेय भागातील राज्यांत तो रानात आढळतो. तो बिनविषारी असून उंदीर हे त्याचे मुख्य खाद्य. आपल्या धामणीच्याच कुळातला म्हणा ना! तिकडे असे साप पाळण्याची पद्धत आहे. आपल्याकडील रानटी साप पकडून घरी ठेवण्यास मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो. नाहीतर हा लेख वाचून कोणीतरी बरणी घेऊन बाहेर पडायचा!

कात म्हणजे काय?

आपणही कात टाकतो, असे म्हटले तर तुम्हांला हसू येईल. पण आपल्या त्वचेवरील मृत पेशी रोज बारीक कणांच्या रूपाने झडतच असतात. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत जे कण तरंगताना दिसतात, त्यांत आपल्या त्वचेचेही कण असतात. साप हेच काम हप्त्या-हप्त्याने करतो. जुन्या बाह्यत्वचेखाली नवी बाह्यत्वचा पूर्ण तयार होते, आणि मग जुनी अखंड उतरवली जाते. वाढत्या वयाचा साप महिना-दीड महिन्याने, तर पूर्ण वाढलेला साप वर्षातून काही वेळा कात टाकतो.

नवी त्वचा तयार झाली की जुनी व नवी यांच्यामध्ये पातळ द्रवाचा थर येतो आणि तेथील विकरे दोन्ही थरांना जोडणारा भाग सैल करतात. या दिवसांत सापाचा रंग फिका पडतो आणि डोळे दुधी-निळसर दिसतात. सापाला आपल्यासारख्या उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला घड्याळाच्या काचेसारखा कायमचा बसवलेला असतो, आणि कातीबरोबर तोही बदलला जातो. जुनी काच वर, नवी काच खाली आणि मध्ये गढूळ द्रव, अशी रचना झाली की प्रकाश सरळ पार न जाता विखुरतो. दूध पांढरे दिसते तेही त्यातील कणांनी प्रकाश विखुरल्यामुळेच. काही दिवसांनी द्रव निवळतो, डोळे पुन्हा स्वच्छ दिसू लागतात, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत कात पडते.

मी हे दुधी डोळे पहिल्यांदा पाहिले ते परळला. आमच्या शाळेची सहल हाफकिन संस्थेत गेली होती. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसच्या वास्तूत १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा आली. १९२५ मध्ये तिला वाल्डेमार हाफकिन यांचे नाव मिळाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरील प्रतिविषाशी या संस्थेचे नाव कायमचे जोडले गेले आहे. प्रतिविषासाठी विष हवे, आणि विषासाठी जिवंत, निरोगी साप हवेत. त्या दिवशी एक नाग कोपऱ्यात गप्प पडून होता. त्याचे डोळे पाहून आम्ही पोरे ‘‘आंधळा, आंधळा’’ म्हणून कुजबुजलो. तेथील माणूस हसून म्हणाला, ‘‘आंधळा नाही रे, कात टाकायच्या बेतात आहे. आज त्याला हात लावायचा नाही.’’ अशा सापाला नीट दिसत नाही, तो बहुधा खात नाही आणि लवकर बिथरतो. त्याला स्वस्थ राहू देणे ही त्याला करता येण्याजोगी पहिली मदत होय. (हाफकिनमध्ये सापांवर काम केलेले डॉ. पी. जे. देवरस यांचे ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९६५ साली निघाले. शाळेच्या ग्रंथालयात असल्यास जरूर पाहा.)

वेळ झाली की साप तोंडाची कड दगडावर किंवा झाडाच्या सालीवर घासतो. ओठांपाशी कात सुटते, खरबरीत जागी अडकते आणि साप पुढे सरकू लागतो. पायातील मोजा वरच्या कडेला धरून खाली ओढत काढला की उलटा होऊन निघतो ना? तशीच कात उलटी होत शेपटीपर्यंत निघते. इथे घर्षणाची गरज लक्षात घ्या. कात ज्या ठिकाणी अडकली आहे तेथील पकड, कातीच्या शरीरावरील पकडीपेक्षा जास्त असली पाहिजे. काचेच्या गुळगुळीत पेटीत साप कितीही वळवळला तरी ही पकड मिळत नाही. म्हणून पाळलेल्या सापाच्या पेटीत एखादा खडबडीत दगड किंवा लाकडाचा ओंडका असावाच लागतो.

पापड वाळला की मोडतो

भाच्याच्या पेटीत दगड होता, ओंडका होता, पाण्याचे भांडेही होते. मग बिघडले कोठे?

उन्हाळ्यात चाळीच्या गच्चीवर पापड वाळत घातलेले तुम्ही पाहिले असतील. लाटलेला ओला पापड कसाही दुमडा, तो मोडत नाही. ओढला तर थोडा ताणतो. तोच दोन दिवसांनी वाकवून पाहा! कातीचेही असेच आहे. ती मुख्यतः केराटिन या प्रथिनाची असते. आपले केस आणि नखेही केराटिनचीच. केराटिन हवेतील पाणी शोषते आणि ओले झाले की मऊ पडते. अंघोळीनंतर नखे सहज कापली जातात ती यामुळेच. केस तर ओलाव्याने किंचित लांबही होतो. या गुणाचा उपयोग करून सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक बनवला होता.

हवा कोरडी असली की दोन गोष्टी घडतात. कात कडक होऊन ताणण्याऐवजी फाटते. आणि तिच्याखालचा द्रवाचा थर नीट सुटण्यापूर्वीच वाळला, तर जुनी त्वचा नव्या त्वचेला डिंकाने चिकटवल्यासारखी बसते. पाकिटावरचे तिकीट ओले असताना सरकते, वाळल्यावर फाटते, तोच प्रकार. सापाच्या अंगातच पाणी कमी असेल, तो आजारी वा जखमी असेल किंवा त्याच्या अंगावर गोचिडीसारखे परजीवी असतील, तरी कात अडते. पण पेटीतील सापाच्या बाबतीत पहिला संशय हवेवरच घ्यावा.

मी भाच्याला विचारले, बाहेर तापमान किती? शून्याच्या आसपास, तो म्हणाला. आणि खोलीत? चोवीस अंश; सापाच्या पेटीवर दिवा लावलाय, तिथे तीस. ‘‘त्याला थंडी वाजू नये म्हणून,’’ असेही त्याने प्रेमाने सांगितले.

आता गणित करू. ०° सें. तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ४.८ ग्रॅम बाष्प धारण करू शकते. २४° सें. ला हीच मर्यादा २१.८ ग्रॅम होते आणि ३०° सें. ला ३०.४ ग्रॅम. बाहेरची हवा बाष्पाने पूर्ण संपृक्त होती असे जरी मानले, तरी घरात घेऊन तापवल्यावर तिच्यातील बाष्प ४.८ ग्रॅमच राहणार. म्हणजे खोलीतील सापेक्ष आर्द्रता ४.८ भागिले २१.८, अर्थात २२ टक्के. दिव्याखाली तर ४.८ भागिले ३०.४, जेमतेम १६ टक्के! स्वयंपाक, अंघोळ, श्वासोच्छ्वास यांमुळे घरात थोडी भर पडते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा जरा बरा असतो. भाच्याच्या आर्द्रतामापकाने पंचवीसच्या आसपास दाखवले. हवेतील पाणी कोणी काढून घेतले नव्हते. दिव्याने हवेची ‘तहान’ तेवढी वाढवली होती.

त्याशेजारी आपला ऑगस्ट ठेवून पाहा. २८° सें. तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम बाष्प होते. शिकागोच्या त्या हिवाळी हवेच्या जवळजवळ पाचपट! लालबाग-परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात एखादी धामण पावसाळ्यात कात टाकते, तेव्हा तिला कोणाच्या मदतीची गरज नसते.

गरज पडते ती माणसाच्या कैदेतल्या सापाला. नागपंचमीला पूर्वी गिरगावात, दादरला गारुडी टोपलीत नाग घेऊन दारोदार येत. आमच्या चाळीतही येत. श्रावणातील हवा दमट असूनही त्या नागांच्या अंगावर जुन्या कातीचे थर दिसत. कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला साप तहानेने दुधालाही तोंड लावतो आणि लोकांना वाटते, नाग दूध प्याला! खरबरीत दगड नाही, पाणी नाही, वरून डोळ्यांच्या त्या काचेवर हळदकुंकू. आज कायद्याने हा प्रकार बंद आहे. मला त्याची हळहळ वाटत नाही.

अडलेली कात कशी सोडवावी?

मुख्य नियम एकच: सोडवायची ती ओलाव्याने, ओढून नव्हे. डोळ्यावरचा पापुद्रा ओढला तर जुन्या काचेबरोबर खालची नवी काचही निघण्याची भीती असते, आणि मग डोळा कायमचा जाऊ शकतो. शेपटीचे उलट आहे. तेथे अडकलेले कातीचे कडे तसेच राहू देणे धोक्याचे. ते वाळून आकसते, बोटाला घट्ट दोरा गुंडाळावा तसे रक्त अडवते, आणि शेपटीचे टोक मरते.

भाच्याने प्रथम दिव्याचा जोर कमी केला. मग झाकणाला भोके असलेल्या एका डब्यात ओला करून पिळलेला जाडसर टॉवेल घातला आणि सापाला तासभर आत ठेवले. पाणी कोमट, म्हणजे हाताला गरम न लागणारे. साप स्वतःच्या शरीराचे तापमान आपल्यासारखे राखू शकत नाही. आपल्याला सुखावह वाटणारे अंघोळीचे पाणी त्याला भाजू शकते. टॉवेलच्या घड्यांतून साप सरपटत राहिला. ओलाव्याने कात मऊ झाली आणि टॉवेलच्या खरबरीतपणाने घर्षण पुरवले. जोर कोठे किती लावायचा हे सापाने ठरवले, चिमट्याने नव्हे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच केल्यावर शेपटीचे कडे सुटले.

डोळा राहिला. तिकडच्या पशुवैद्यांनी तपासून सांगितले, हात लावू नका, पुढच्या कातीपर्यंत थांबा. सहा आठवडे थांबायचे म्हणजे काय हे त्या मुलाला विचारा! दर रविवारी फोनवर सापाच्या डोळ्याची चौकशी होई. शेवटी शेवटी माझी बहीणही विचारू लागली, ‘‘त्याच्या त्या जनावराचा डोळा कसा आहे रे?’’

दरम्यान त्याने पेटीच्या एका कोपऱ्यात ओल्या शेवाळाचा झाकणाचा डबा कायमचा ठेवला, आत जायला भोक पाडून. संपूर्ण पेटी ओली का केली नाही? कारण सतत ओल्या जमिनीवर राहिलेल्या सापाच्या पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात, त्वचा कुजते. आपल्या पावसाळ्यात हाच धोका मोठा. म्हणून एक कोपरा दमट, बाकीची जागा कोरडी. कोठे बसायचे ते सापाला ठरवू द्यावे.

तुम्हांला घरी किंवा शाळेत करता येईल असा एक प्रयोग सांगतो. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून त्याचे टोक पाण्यात सोडा. बाष्पीभवनामुळे ओला फुगा थंड होतो, आणि हवा जितकी कोरडी तितका दोन्हींतील फरक मोठा. कोरडा तापमापक ३०° आणि ओला २७° दाखवत असेल तर आर्द्रता सुमारे ७९ टक्के. ओला २२° दाखवत असेल तर सुमारे ५० टक्के. मे आणि ऑगस्टमधील नोंदी ठेवा, वर्गात पंखा चालू-बंद करून पाहा, वातानुकूलित खोलीत नेऊन पाहा.

सहलीत एखादी कात दिसली तर ती उचलून आणू नका. तिथेच बसून निरखा. तिजोरीत कात ठेवल्याने पैसा येतो ही समजूत तुम्ही ऐकली असेल. कातीत खरे धन असते ते माहितीचे. डोक्याच्या भागात डोळ्यांच्या दोन्ही काचा आहेत का? शेपटीचे टोक आले आहे का? दोन्ही असतील तर तो साप धडधाकट आहे असे समजा. जिवंत साप घरात निघाला, तर मात्र साप म्हणून भुई धोपटत न बसता लांब उभे राहून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जखमी प्राण्यांसाठी परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, आणि १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात भाच्याच्या सापाचे डोळे पुन्हा दुधी झाले. आठ दिवसांनी एका सकाळी पेटीत दगडापासून ओल्या डब्यापर्यंत कात सलग पसरलेली होती. साप मोजला तर ९२ सेंटिमीटर आणि कात ११० सेंटिमीटर! खवल्यांच्या मधली घड्या घातलेली त्वचा निघताना ताणली जाते, म्हणून कात नेहमीच सापापेक्षा लांब भरते. त्याने कातीचे डोके खिडकीच्या उजेडात धरून मला छायाचित्र पाठवले. उजव्या बाजूला एक स्वच्छ गोल काच होती. डाव्या बाजूला एकात एक बसलेल्या दोन.