मंदावलेला संगणक

बोर्ली पंचतन हे श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळींचे गाव. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या परिसरातील बागा आडव्या केल्या. नवी पोफळ उत्पन्न देऊ लागण्यास कित्येक वर्षे लागतात. अशा गावी घरचा संगणक मंदावला म्हणून लगेच नवा घेणे कोणाला परवडणार? आधी त्याचे दुखणे ओळखावे, हे बरे.

संगणकातील सारी आकडेमोड प्रोसेसर करतो. त्याच्यावरील भार वाढला की पडद्यावरील बाण अडखळतो, पंखा घोंघावू लागतो. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील सीपीयू या रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारून सर्वांत मोठा आकडा वर आणावा. भार कोण टाकतो ते कळते. पुष्कळदा तो ब्राउझर असतो. पंधरा-वीस पाने उघडी राहिलेली असतात आणि उघडणारा ती विसरूनही गेलेला असतो! ती मिटावीत. विषाणूंची तपासणी चालू असल्यास ती पुरी होऊ द्यावी. अनोळखी नाव मात्र जाणत्यास विचारल्यावाचून बंद करू नये. तपशिलाच्या यादीत ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ या नावापुढे कधी ९५ असा आकडा दिसतो व नवखा माणूस घाबरतो. वस्तुतः तो प्रोसेसरच्या विश्रांतीचा आकडा होय!

एवढे करूनही गती न आल्यास पंख्याकडे पाहावे. धूळ साचली की उष्णता बाहेर पडत नाही आणि तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. वीज बंद करून, वायर काढून, मोठ्या माणसांच्या देखत मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. ओला कपडा लावू नये; किनाऱ्यावरील हवेत दमटपणा आधीच पुष्कळ असतो.